पुढच्या सोप्याला (बसायच्या खोलीला) कुठला रंग, हळदी की मोरपंखी? (बेळगाव-शहापूर, जुनं घर)

शहापुरी
मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. चतुर्थीच्या आत रंग व्हायलाच हवा, गणपती याच खोलीत बसतो.

घर शहापुरातलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं. पुढचा सोपा १० बाय १४ फूट, उंची १० फूट. वर सागवानी तुळया आणि फळ्या, खाली शहाबादी फरशी. दार आणि एकुलती एक खिडकी पूर्वेला, गल्लीकडं. समोर तीन मजली इमारत उठल्यापासून ऊन दहाच्या पुढं आत येतं आणि बाराला निघून जातं. तीन वाजले की ट्यूब लावावीच लागते.

दोन रंगांवर गाडी अडलीय. मला मोरपंखी पाहिजे, निळ्या-हिरव्याच्या मधला तो गडद. तुळयांच्या लाकडाला तो शोभेल असं मनापासून वाटतं. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, हळदी पाहिजे. भडक नाही, फिकट. त्या म्हणतात, "दिवसभर या खोलीत मी बसते, मला उजेड पाहिजे." घरात भांडण नाही, पण दोघींपैकी कुणी मागंही हटत नाही. ह्यांनी "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून अंग काढून घेतलंय.

दुकानातल्या कार्डावर दोन्ही झकास दिसतात. खोलीत कुठला चांगला दिसेल?

कणकुंबीवाला
आधी सांगा, भिंत कोरडी आहे का? पाऊस लागल्यावर आमच्या घरात रंगाचं नाव काढलं तर आज्जी काठी शोधते.

टिळकवाडी ते कोथरूड
घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, माहेर टिळकवाडी. माझं मत मोरपंखीला.

अंधाऱ्या खोलीला फिकट रंग द्यावा हे सगळे सांगतात, पण फिकट रंगाला परत फेकायला मुळात उजेड लागतो. तो नसला की फिकट पिवळा कोपऱ्याकोपऱ्यात राखाडी, मळकट दिसायला लागतो. गडद रंगाचं तसं होत नाही. खोली लहान आहे, अंधारी आहे, तर तिला तसंच देखणं करा. मॅट फिनिश घ्या, ट्यूब काढून टाका, तीन-चार ठिकाणी ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचा आकडा, कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर पांढरा) आणि तुळयांना फक्त तेल-पॉलिश करा. आलेला पाहुणा उंबऱ्यातच थबकेल.

अथणीकर
गडद नको बा. उन्हाळ्यात भट्टी होते खोलीची. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आम्ही आतबाहेर पांढराच देतो.

निपाणीचे मास्तर
अथणीकर, बाहेरून पांढरा देता ते अगदी बरोबर. छत आणि बाहेरच्या भिंतीवर थेट ऊन पडतं, तिथं रंगाचा मोठा फरक पडतो. आतल्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, त्यामुळं आतल्या रंगानं खोली तापेल ही भीती सोडा. शहापूरच्या या घराला तर दोन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती आहेत.

उजेडाचं मात्र वेगळं आहे. रंग पडलेल्या उजेडातला किती परत फेकतो याला एक आकडा असतो, काही कंपन्या तो शेडच्या नंबराजवळ देतात. पूर्ण काळा ०, पूर्ण पांढरा १००. फिकट हळदी-क्रीम गटातले रंग साधारण ७० च्या वर असतात, गडद मोरपंखी १०-१५ च्या आसपास. म्हणजे खिडकीतून आलेला उजेड मोरपंखी भिंतीवर आदळला की बहुतेक तिथंच जिरतो. एकच खिडकी असलेल्या खोलीत मागच्या कोपऱ्यापर्यंत जो उजेड पोचतो, तो भिंतीभिंतीवरून उड्या मारतच पोचतो. कोथरूडच्या ताईंचं म्हणणं रात्रीपुरतं मला पटतं, दुपारपुरतं नाही.

टिळकवाडी ते कोथरूड
मास्तर, आकडा मान्य. पण माणूस आकड्यात राहत नाही. काही खोल्यांना सावलीच शोभते.

मागवाला वडगाव
आमचा धंदा साड्यांचा, म्हणून एक सांगतो. एकटा रंग कधी बघू नये. ताण्याला हिरवा आणि बाण्याला तांबडा घातला की कापडाचा रंग दोन्हीपेक्षा निराळा येतो, आणि तेच तांबडं सूत पिवळ्याशेजारी ठेवलं तर ओळखू येत नाही. गिऱ्हाईक सुताची लड बघून रंग सांगतं, आणि पदर विणून झाला की म्हणतं, हा तो नव्हे. लड तीच असते.

तुमच्या खोलीत भिंत एकटी नाही. खाली शहाबादी आहे, तिच्यात निळसर करडी झाक असते. वर सागवान, ते तांबूस-तपकिरी. मोरपंखीशेजारी सागवान आणखी तांबूस दिसणार, हे मात्र सुंदर. हळदीशेजारी तेच सागवान थोडं फिकं पडेल, आणि शहाबादी जास्त निळी वाटेल. आता तुम्ही ठरवा, तुम्हाला लाकूड उठून दिसायला पाहिजे की माणसं.

निपाणीचे मास्तर
मागवाला, तुम्ही बोललात त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मिशेल शेव्ह्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात रंगणीच्या खात्याचा प्रमुख होता. तिथं भिंतीवर टांगायची मोठी चित्रांची कापडं विणत. विणकरांची तक्रार आली की काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्या छटांशेजारी तो फिका दिसतो. त्यानं काळी लोकर तपासली, तिच्यात काही खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळं डोळ्याला ती तशी दिसत होती. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला आणि पुढं चित्रकारांनीही तो डोक्यावर घेतला. वडगाव-खासबागच्या मागावर बसणाऱ्याला हे हाताला माहीत असतं, याचा मला फार आनंद वाटतो.

मागवाला वडगाव
मास्तर, हे आमच्या वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्याला एकदा बोलव इकडं, चहा पाजू.

खासबाग पेंटर
अक्का, रंग नंतर. भिंत कशाची आहे? वर आधी काय लावलेलं आहे? खालून किती उंचीपर्यंत पोपडे सुटलेत? हे तीन सांगा, मग बोलू.

शहापुरी
पेंटरदादा, भिंती जाड आहेत, दगड-मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. आजेसासऱ्यांच्या काळापर्यंत दरवर्षी चुनाच व्हायचा. नंतर डिस्टेंपर झाला. उत्तरेकडची, शेजाऱ्यांच्या न्हाणीला लागून असलेली भिंत खालून गुडघ्यापर्यंत खराब आहे. पांढरी पूड सुटते, बोट फिरवलं की पिठासारखी हाताला येते.

कणकुंबीवाला
आलं का भिंतीवर! मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं.

खासबाग पेंटर
पूड सुटते तो लोणा. जमिनीतली किंवा न्हाणीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते. पाणी वाळून जातं, क्षार वर राहतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात.

आता लोक काय करतात, अशा भिंतीवर सिमेंटची पुट्टी ओढतात आणि वर प्लास्टिक इमल्शन. म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. आतली वाफ बाहेर पडत नाही, वर्षा-दोन वर्षांत फुगे येतात. आणि तो रंग मोरपंखी असेल तर पांढरा लोणा त्याच्यावर लांबून दिसतो. हळदीवर निदान झाकलेला राहतो. टचअपचंही तसंच. गडद रंगाला नंतर एका जागी हात मारला की ठिगळ दिसतं, मग अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत परत मारावी लागते.

खर्चाचं पण सांगतो. तुमच्या चार भिंती दारं-खिडकी वजा करून ४३० चौरस फुटांच्या आसपास होतील. दोन हातांना लिटरमागं ६०-७० चौरस फूट धरा, म्हणजे सहा-सात लिटर. गडद शेडचा बेस वेगळा येतो, रंगद्रव्य जास्त पडतं, भाव चढतो, आणि जुन्या फिकट भिंतीवर दोन हातांत झाकला जाईल याची खात्री नाही, तिसरा हात लागतोच.

जांबोटी
आमच्या घरी गडद हिरवा होता. पावसाळ्यात कपाटामागं जी बुरशी आली ती दिसलीच नाही, कपाट हलवलं तेव्हा कळलं. हाही मुद्दा लक्षात ठेवा.

शेंगा चटणी
चुन्यावरून आठवलं. आमच्या आज्जीच्या घरी खानापूरला चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवून भिंती रंगवायचे आणि खाली हातभर काव, म्हणजे तांबडी माती, लावायचे. दिवाळीच्या आधी सगळं घर त्या वासानं भरायचं. वर खानापूरचीच कौलं. इतका थंड, मऊ पिवळा मी नंतर कुठल्याच डब्यात बघितला नाही.

कॅम्पातला पोऱ्या
पिवळ्याखाली तांबडा पट्टा? बेळगावात? बघणाऱ्यांना कन्नड झेंडाच वाटेल हं.

शेंगा चटणी
नका हो सुरू करू. पिवडी आणि काव आमच्या भिंतीला आणि शेजारच्या कन्नड काकूंच्या भिंतीलाही होती, एकाच घमेल्यात कालवलेली. काकू पिवडी आणायच्या, आज्जी चुना भिजवायची. झेंडा कुणाच्या मनातही नव्हता. पाठ टेकून बसल्यावर भिंतीला तेलाचे, मातीचे डाग पडतात, ते दिसू नयेत म्हणून खाली काव.

कॅम्पातला पोऱ्या
शब्द मागं घेतला आज्जीबाईंसाठी. पण आता दोन्ही काकूंनी मिळून माझी खोली पण रंगवावी.

चष्म्याची ताई
मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. सगळे भिंतीबद्दल बोलताहेत, मला आईंबद्दल बोलायचंय. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, बुबुळातली बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. तेच काम करायला तरुण माणसापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. शिवाय निळा, गडद हिरवा आणि काळा यांच्यातला फरक ओळखणं जड जातं. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी आज्ज्या निळ्या-काळ्या मोज्यांची जोडी चुकवतात. तुम्हाला जो रंग मोरपंखी दिसतो तो त्यांना तिन्हीसांजेला नुसता काळोख दिसत असण्याची शक्यता आहे. "मला उजेड पाहिजे" हा हट्ट नाही हो, त्यांना खरंच दिसायचं कमी होतं.

अजून एक. गडद भिंतीवर गडद रंगाचं बटण, दाराची कडी, भिंतीला टेकवलेली काठी त्यांना पटकन सापडत नाही. मागं फिकट भिंत आणि पुढं गडद वस्तू असेल तर हात बरोबर जातो.

शहापुरी
ताई, हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. आई निवडणं-टिपणं, वाती वळणं, पोथी, सगळं त्या खिडकीखालीच करतात. त्यांनी "दिसत नाही" असं कधी म्हटलं नाही, "उजेड नाही" एवढंच म्हणतात.

आता प्रयोग करून बघते. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणते, दोन फुटी पुठ्ठ्यांवर लावते आणि खोलीत फिरवते. कार्ड बघून काही ठरवत नाही.

खासबाग पेंटर
शाबास. दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. ओलं असताना इमल्शन दुधाळ फिकट दिसतं, वाळल्यावर एक छटा गडद होतं. पुठ्ठ्याच्या कडेनं चार बोटं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवणार नाही. भिंतीवर थेट ठिपके मारू नका, नंतर आम्हालाच घासत बसावं लागतं.

निपाणीचे मास्तर
आणि पुठ्ठे उभे धरा, जमिनीवर आडवे ठेवून बघू नका. आडव्यावर वरचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही.

शहापुरी
आज दिवसभर पुठ्ठे फिरवले. सविस्तर लिहिते, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

सकाळी अकराला, ऊन फरशीवर पडलेलं असताना, दोन्ही खिडकीजवळ ठेवले. मोरपंखी अप्रतिम. मागवालादादा म्हणाले तसंच झालं, तुळईचं सागवान एकदम तांबूस, जिवंत दिसायला लागलं. हळदी वरच्या अर्ध्या भागात लोण्यासारखी, पण खाली फरशीजवळ तिच्यावर किंचित हिरवट झाक. फरशीवरून उठणारा करडा-निळा उजेड तिच्यावर पडत होता. पुठ्ठा फरशीपासून वर उचलला की झाक जायची.

एक वाजता ऊन गेलेलं होतं. कोथरूडच्या ताई, तुमचंही खरं निघालं. माजघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात हळदी मळकट झाली, जुन्या कागदासारखी. तिथं मोरपंखी अजूनही ठाम होता.

मग चार वाजता, ट्यूब लावायच्या आधी, आई सुपात तांदूळ घेऊन निवडायला नेहमीच्या जागी बसल्या. मी काही न बोलता आधी मोरपंखी पुठ्ठा त्यांच्या मागं, भिंतीला टेकवून उभा केला. त्यांनी सूप खिडकीकडं कलतं केलं. थोड्या वेळानं पुठ्ठा बदलून हळदी ठेवला. त्यांनी सूप परत मांडीवर सरळ घेतलं. मागं बघितलंसुद्धा नाही, त्यांना पुठ्ठा बदललेला माहीत नव्हता. सुपातल्या तांदळावर जो उजेड उतरला तो मलाही स्वच्छ दिसला.

ट्यूब लावल्यावर हळदी लिंबासारखी झाली, ती मला अजिबात आवडली नाही. ट्यूबचं खोकं बघितलं, ६५०० केल्विन.

टिळकवाडी ते कोथरूड
किती छान बघितलंत तुम्ही. मी मोरपंखीवरून पूर्ण हटत नाही, तुळयांचं जे सांगितलंत ते फार मोलाचं आहे. पण सुपाचं वाचल्यावर या खोलीसाठी हट्ट धरणार नाही. ट्यूब मात्र बदलाच. हळदी घेतलीत तर ४००० केल्विनचा दिवा बघा, लिंबू होणार नाही आणि निवडायला उजेडही पुरेसा. खिडकीखाली आईंसाठी एक वेगळा छोटा दिवा द्या, तोंड सुपाकडं.

अथणीकर
मग हळदी इमल्शन, ठरलं की!

खासबाग पेंटर
थांबा की वो अथणीकर. भिंत ओली आहे ती तशीच आहे अजून.

अक्का, माझं ऐकाल तर डबाच घेऊ नका. शेंगा चटणीताईंनी सांगितलं तेच करा, चुना आणि पिवडी. तुमचा गिलावाच चुन्याचा आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल आली तरी वाफ बाहेर जाते. दाहक, तीव्र असल्यामुळं बुरशी सहसा धरत नाही. लोणा आला तर पुढच्या वर्षी खरवडून एक हात मारायचा, खर्च नगण्य. चुन्यात गडद मोरपंखी येतच नाही, चुना स्वतः पांढरा, कितीही रंग कालवा, तो फिकाच पडतो. आणि रंग जास्त झाला की भिंतीला धरत नाही, हाताला लागतो. पिवडी, काव, हिरमुंजी हे मातीचे रंग चुन्याला मानवतात.

पण जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडावा लागेल, त्याच्यावर चुना पकडत नाही. खरी मेहनत तिथं आहे. न्हाणीकडच्या भिंतीचा खालचा गिलावा सुटला असेल तेवढा काढून परत चुन्यातच करा, सिमेंट लावू नका. आणि शेजाऱ्यांशी न्हाणीच्या पाण्याबद्दल बोला, नाहीतर कुठलाच रंग टिकणार नाही.

शहापुरी
चुना! हे डोक्यातच आलं नव्हतं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी हळदी म्हणत होते ती हीच की." त्यांच्या लग्नात हा सोपा पिवडीचा होता म्हणे.

मग माझ्या मोरपंखीचं? दार आणि खिडकीच्या झडपांना आधीपासून ऑइल पेंट आहे, फिकट निळा, उडालेला. तो मोरपंखी केला तर?

मागवाला वडगाव
करा. पिवडीच्या भिंतीत मोरपंखी दार म्हणजे काठ-पदर जुळला. फक्त तुळयांना हात लावू नका.

टिळकवाडी ते कोथरूड
तुळयांना कुणी रंग लावला तर मी बेळगावला येऊन धरणं धरीन. झडपांच्या फक्त बाहेरच्या बाजूला आणि चौकटीला मोरपंखी द्या. आतली बाजू फिकट ठेवा, उघड्या झडपेवरून उजेड आत वळतो.

चष्म्याची ताई
आणि पिवळ्या भिंतीवर गडद कडी-बटणं. आईंचा हात बरोबर जाईल.

जांबोटी
चुना पावसाळ्यात वाळेल का पण?

खासबाग पेंटर
चुन्याला भसकन वाळणं चालतच नाही, कडक उन्हात मारला की पूड होतो. दमट हवा त्याला बरी, फक्त भिंतीवर थेट पाणी यायला नको. हाताहातात एक दिवस सोडा.

अक्का, कळीचा चुना आजच परसात भिजत घाला. पिंपात पाणी आधी, चुना नंतर आणि थोडा थोडा, तो उकळतो. पोरांना लांब ठेवा, डोळ्याला चष्मा, हातात मोजे. आठवडाभर मुरला की लोण्यासारखा होतो. मग फडक्यातून गाळायचा, पातळ करायचा, डिंकाचं पाणी घालायचं. पिवडी वेगळी भिजवून गाळून घाला, नाहीतर भिंतीवर रेघा उठतात. भिंत आधी पाण्यानं ओली करायची आणि तीन पातळ हात, जाड एक नको. ओला असताना गडद पिवळा दिसेल, घाबरून चुना वाढवू नका. कोपऱ्यात एक पट्टा मारून पूर्ण वाळल्यावर बघा, तोच खरा रंग.

शहापुरी
चुना उद्या येतोय. डिस्टेंपर खरवडायला दीर आणि हे, दोघंही तयार झालेत. न्हाणीबद्दल शेजारच्या काकांशी आई स्वतः बोलणार आहेत. पेंटरदादा, खाली काव लावायची तर किती उंच?

खासबाग पेंटर
आई भिंतीला टेकून बसतात ना? त्यांना बसवा, डोक्याच्या वर चार बोटं खूण करा. तिथपर्यंत.